घारीच्या पिसातून कळते नदीची तब्येत : जड धातू आणि पक्ष्यांचं ताणाचं हॉर्मोन



आजचा विषय पक्ष्यांचा आहे. मच्छीमार सोसायटीच्या पेजवर पक्षी कशाला, असं कुणीतरी विचारणारच. कारण सरळ आहे. मांडवीत, शापोऱ्यात, तेरेखोलात जो मासा आपण धरतो, तोच मासा बगळा, खंड्या, पाणकावळा आणि घार खाते. आपण एखाद दिवस बाजारातून बाहेरचा मासा आणतो, कधी भाजी-आमटीवर भागवतो. त्यांना ती सोय नाही. त्यांच्या अंगात जे साठतं ते ह्याच पाण्यातलं आणि ह्याच चिखलातलं. म्हणून पक्ष्याचं रक्त आणि पीस तपासलं की नदीची तब्येत कळते, आणि ती मासे मरून वर तरंगायच्या कितीतरी आधी कळते.

आज तीन गोष्टी समजून घेऊया. ताणाचं हॉर्मोन म्हणजे काय, जड धातू त्याची काय वाट लावतात, आणि पेडणे-डिचोलीच्या आपल्या लोकांनी ह्यातून काय करायचं. लेख थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी आपल्या घरातल्या मुलाबाळांचा आणि आपल्या माशाच्या भावाचा प्रश्न आहे.

१. ताणाचं हॉर्मोन : होडीतला ऑटोमॅटिक पंप

होडीच्या बुडात पाणी साचलं की आपोआप चालू होणारा पंप सगळ्या बोटवाल्यांना माहीत आहे. पाणी वर आलं की स्विच उचलला जातो, पंप सुरू होतो. पाणी गेलं की पंप बंद. पक्ष्याच्या अंगातही असाच एक पंप आहे. समोर ससाणा आला, वादळ आलं, दोन दिवस खायला मिळालं नाही, की मेंदूतून एक निरोप निघतो. तो मेंदूच्या खालच्या छोट्या ग्रंथीकडे जातो, तिथून रक्तातून मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीकडे जातो, आणि ती ग्रंथी एक हॉर्मोन सोडते. पक्ष्यांमध्ये ह्याचं नाव कॉर्टिकोस्टेरॉन. माणसात आणि माशात हेच काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं. नाव वेगळं, पण यंत्रणा एकाच घडणीची.

हे हॉर्मोन वाईट नाही. ते रक्तात साखर सोडतं, अंगात पळायची ताकद आणतं, आणि त्या वेळेपुरती बाकीची कामं बाजूला ठेवतं. धोका टळला की मेंदूच "पुरे" म्हणून सांगतो आणि हॉर्मोन खाली येतं. पंप चालू झाला, पाणी गेलं, पंप बंद झाला. असं चाललं तर सगळं ठीक.

बिघाड दोन तऱ्हेचा होतो.

पहिला: स्विच वरच अडकतो. पंप चोवीस तास चालू. शेवटी बॅटरी बसते. पक्ष्यात हे हॉर्मोन बराच काळ चढून राहिलं तर रोगाशी लढायची ताकद कमी होते, पिल्लांची वाढ खुंटते, पिसं कमजोर उगवतात, आणि कधी आई-बाप घरटं सोडून जातात.

दुसरा: स्विच खालीच अडकतो. होडीत पाणी भरतंय, पण पंप सुरूच होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं शांत आहे. पण पक्ष्यावर खरं संकट आलं की त्याचं अंग जागंच होत नाही.

ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रक्तात हॉर्मोन कमी म्हणजे पक्षी सुखी, असं नाही.

२. धातू ह्यात कुठे येतात

जड धातू म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम वगैरे. आर्सेनिकही लोक ह्यांच्याच यादीत धरतात. लोखंड, तांबं, जस्त, मँगनीज हे अंगाला थोडे थोडे लागतात, पण प्रमाणाबाहेर गेले की तेही त्रास देतात. शिसं आणि पारा मात्र अंगाला कणभरही लागत नाहीत.

शिसं अंगात शिरलं की ते कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडांत जाऊन बसतं, आणि मेंदूतल्या नसा एकमेकींना निरोप देतात त्या कामात लुडबूड करतं. पारा प्रथिनांना चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. मेंदूपासून अॅड्रिनलपर्यंतचा निरोप ह्या सगळ्या वाटेवरून जातो. वाटेत कुठेही खोळंबा झाला की पंपाचा स्विच बिघडतो.

धातू पक्ष्यापर्यंत पोचतात कसे, तेही बघा. ते पाण्यात फार काळ विरघळून राहत नाहीत. गाळाच्या बारीक कणांना चिकटतात आणि खाली बसतात. खारफुटीच्या मुळांत, खाजनात, मानशीच्या आत, जिथे पाणी मंद होतं तिथे हा गाळ थांबतो. गाळात किडे, खुबे, तिसऱ्या, कालवं. गाळ चाटणारा शेवटो. शेवट्याला खाणारी घार. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू पाऱ्याचं रूप बदलतात, आणि ह्या नव्या रूपातला पारा प्रत्येक पायरीवर वाढत जातो. किड्यापेक्षा लहान माशात जास्त, लहान माशापेक्षा मोठ्या माशात जास्त, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त. शिसं असं पायरीपायरीनं वाढत नाही. ते गाळाजवळच्या जिवांत, म्हणजे खुबे-कालवांत आणि हाडांत, साठून राहतं.

३. जगात काय सापडलं

स्पेन, १९९८. तारीख २५ एप्रिल. अझ्नालकोयार गावाजवळच्या खाणीचा गाळ साठवायचा बांध फुटला आणि लाखो घनमीटर आम्लयुक्त, धातूंनी भरलेला गाळ ग्वादियामार नदीत गेला. ही नदी दोन्याना नावाच्या प्रसिद्ध पाणथळ जागेकडे जाते. तिथे पांढऱ्या करकोच्यांची वस्ती आहे. शास्त्रज्ञांनी पुढे त्या करकोच्यांच्या पिल्लांचं रक्त तपासलं. ज्या पिल्लांच्या रक्तात शिसं जास्त, त्यांना हातात धरल्यावर ताणाचं हॉर्मोन जास्त वर चढत होतं. म्हणजे स्विच वर अडकायच्या बाजूला झुकलेला.

अमेरिका, व्हर्जिनिया. साऊथ रिव्हर नावाच्या नदीकाठी एका कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात पारा नदीत गेला. साठ वर्षं होत आली तरी त्या नदीकाठच्या पाकोळ्यांच्या पिल्लांत पारा सापडत होता. आणि इथे उलटं दिसलं. पारा जास्त असलेल्या पिल्लांत ताणाचं हॉर्मोन संकटाच्या वेळी पुरेसं चढतच नव्हतं, थायरॉइडचं हॉर्मोनही कमी होतं. स्विच खाली अडकलेला. आणखी एक: हा पारा पाण्यात कधी न उतरणाऱ्या रानातल्या पक्ष्यांतही गेला होता, कारण ते नदीकाठचे कोळी आणि किडे खातात.

फ्रान्स. आपल्या दयाळाहून मोठ्या आणि काळ्याभोर ब्लॅकबर्ड नावाच्या पक्ष्याची पिसं गावाकडून शहराकडे जात गोळा केली. शहरातल्या पक्ष्यांच्या पिसांत शिसं आणि कॅडमियम जास्त, आणि जिथे हे धातू जास्त तिथे पिसातलं ताणाचं हॉर्मोनही जास्त.

उत्तर ध्रुवाजवळचं स्वालबार्ड. तिथल्या किटिवेक जातीच्या कुरवांत असं दिसलं की ज्यांच्या रक्तात पारा जास्त, ते त्या वर्षी अंडी घालायचंच टाळत होते. पिल्लं मेली नाहीत, कारण जन्मलीच नाहीत. किनाऱ्यावर एकही मेलेला पक्षी दिसला नाही, तरी असा थवा कमी होऊ शकतो.

सगळीकडे एकसारखंच उत्तर येतं असं नाही. धातू कुठला, किती, पिल्लू की मोठा पक्षी, खायला भरपूर होतं की नाही, ह्यावर ते ठरतं. म्हणून एकट्या हॉर्मोनचा आकडा घेऊन कुणी धावू नये. धातूचा आकडा आणि हॉर्मोनचा आकडा जोडीनं बघायचा असतो.

४. मोजतात कसं

तीन रीती आहेत.

रक्त: पक्षी धरल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत थेंब घ्यावा लागतो. उशीर झाला तर धरल्याच्याच भीतीनं हॉर्मोन चढतं आणि आकडा खोटा येतो. मग अर्ध्या तासानं पुन्हा थेंब घेऊन किती चढलं ते बघतात. म्हणजे पंप सुरू होतो की नाही ते कळतं.

विष्ठा: पक्ष्याला हात न लावता काही तासांमागचा ताण कळतो.

पीस: ही सर्वांत कामाची. पीस उगवत असताना त्याला रक्तपुरवठा असतो, आणि त्या दिवसांत रक्तात जे असेल ते पिसात कोंडलं जातं. पीस पूर्ण झालं की रक्त बंद, हिशेब बंद. म्हणून एका पिसात काही आठवड्यांचा हिशेब राहतो: पाराही आणि ताणाचं हॉर्मोनही. शरीरातला बराचसा पारा पक्षी पिसातूनच बाहेर टाकतो.

कुठला पक्षी तपासायचा, हेही महत्त्वाचं. मोरजीला शापोऱ्याच्या तोंडावर थंडीत कुरवांचे थवे उतरतात, ते लांबून येतात. त्यांच्या पिसात बाहेरच्या पाण्याचा हिशेब असू शकतो. आपल्या नदीसाठी बारमाही इथंच राहणारे पक्षी पाहिजेत: ब्राह्मणी घार, समुद्री गरुड, बगळा, खंड्या, पाणकावळा. त्यातही घरट्यातलं पिल्लू उत्तम. त्याच्या पोटात गेलेला प्रत्येक घास आई-बापांनी जवळच्याच पाण्यातून आणलेला असतो.

५. आपल्या नद्या

डिचोली तालुक्यात मुळगाव, शिरगाव, मये, लामगाव ह्या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी पिढ्यानपिढ्या आहेत. डिचोली नदी आणि वाळवंटी, दोन्हींचं पाणी शेवटी मांडवीत येतं. सारमानस, आमोण्याच्या धक्क्यांवरून बार्जी भरून मुरगाव बंदरात जायच्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात बार्जीवरचा पगार आला, ट्रकाचा हप्ता फिटला. ते नाकारायचं कारण नाही.

पण खनिज काढायचं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट माती आधी बाजूला करावी लागते. त्या मातीचे डोंगर पावसात धुपतात. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज परदेशी गेलं. मागे राहिलेल्या मातीचा अंदाज त्यावरून करा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. २०२२ च्या शेवटी लिलाव सुरू झाले, आणि डिचोलीच्या पट्ट्यात यंत्रं पुन्हा चालू झाली.

मांडवीच्या गाळावर दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि गोवा विद्यापीठानं बरीच वर्षं काम केलंय. खाणीच्या मातीमुळे गाळात लोखंड आणि मँगनीज वाढतं, हे त्यातून पुढे आलंय. आता कुणी म्हणेल, "लोखंड काय, अंगाला चांगलं." इथे एक मेख आहे. लोखंडाचा आणि मँगनीजचा गंज फडक्यासारखा काम करतो. शिसं, तांबं, कॅडमियम कुठूनही येवो, गटारातून, बंदरातून, रंगातून, ते ह्या गंजाला चिकटून गाळात बसतं. आणि खाली चिखलात ऑक्सिजन संपला की हाच गंज विरघळतो आणि चिकटलेलं सोडून देतो. म्हणजे आज गाळात निपचित पडलेला धातू उद्या पाण्यात येऊ शकतो. खाण बंद झाली तरी गाळ नदीतच असतो.

पेडण्याला मोठी खाण नाही म्हणून निवांत राहता येणार नाही. तेरेखोलच्या पलीकडे रेडीला लोहखनिजाची जुनी खाण आणि बंदर आहे. वर दोडामार्गात कळण्याला खाण आहे. जुलै २०२१ मध्ये तिथला बांध फुटून लाल चिखलाचा लोंढा गावात शिरला होता. कळणे नदीचं पाणी पुढे पेडण्याकडे येऊन शापोऱ्याला मिळतं. नदीला राज्याची हद्द कळत नाही.

आणि चोडण? सलीम अली पक्षी अभयारण्य मांडवीच्या मधोमध, खारफुटीत. वरून डिचोलीचं पाणी, बाजूनं बार्जीची वाट. मांडवीच्या गाळाचा हिशेब ठेवणारे पक्षी शोधायला लांब जायला नको.

६. थोडं आपल्याही पदरात

सगळं खाणीवर ढकलून मोकळं होता येत नाही. आपल्याकडूनही धातू पाण्यात जातो.

जाळ्याचं शिसं: इंग्लंडमध्ये गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या पाण्यात पडायच्या. हंस खडे समजून त्या गिळायचे. पक्ष्यांना दात नाहीत, ते खडे गिळून पोटातल्या पाथरीत अन्न दळतात. शिशाची गोळीही दळली जायची आणि रक्तात जायची. हंस मरायला लागले. १९८७ मध्ये लहान शिशाच्या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि पुढच्या वर्षांत हंसांची संख्या परत वाढली. मासेमारी बंद झाली नाही, नुसतं वजन बदललं. आपल्याकडे तुटलेल्या जाळ्याची शिसं काठावर, चिखलात टाकू नका, गोळा करून भंगारात द्या.

आणि एक कळकळीची विनंती. काही घरांत फेकून मारायच्या जाळ्याला, म्हणजे पागेराला, लावायची शिसं चुलीवर वितळवून ओततात. ते घरात, अंगणात, पोरं खेळतात तिथे अजिबात करू नका. शिशाची धूळ आणि वाफ मुलांच्या मेंदूत जाते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

बुडाचा रंग: होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतो त्यात बहुतेक वेळा तांबं असतं. पूर्वी मोठ्या जहाजांच्या रंगात कथिलाचं एक विषारी संयुग, टीबीटी, असायचं. त्यामुळे समुद्री शंखांच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायची. मुरगावच्या बाजूला गोव्याच्या किनाऱ्यावरही अभ्यासकांनी हे बघितलं. सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानं त्या रंगावर बंदी आली. हॉर्मोन बिघडवायला केवढंसं विष पुरतं, ह्याचं हे उदाहरण. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत आपण होड्या वर काढून खरवडतो. खाली ताडपत्री घाला, खरवडलेला रंग पोत्यात भरा. वाळूत राहिला तर पहिल्याच पावसात तो खाडीत जातो.

बॅटऱ्या: जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. पाणी सोडून देण्यासाठी ती खाडीत उलटी करणं म्हणजे शिसं आणि आम्ल सरळ खुब्यांना भरवणं.

७. "हे लिहून आमच्या माशाचा भाव पाडताय काय?"

हा प्रश्न रास्त आहे. जुलै २०१८ चं फॉर्मेलिन प्रकरण आठवा. बाहेरून आलेल्या माशावर संशय आला, आणि मार खाल्ला आपल्या ताज्या बांगड्यानंही. बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. त्यामुळे धातू, विष असे शब्द निघाले की आपल्या पोटात गोळा येतो.

पण मिनामाताकडे बघा. जपानमधलं हे मासेमारीचं गाव. एका रसायनाच्या कारखान्याचा पारा खाडीत जात होता. माणसं आजारी पडायच्या आधी तिथल्या मांजरी वेड्यासारख्या नाचून मरत होत्या आणि कावळे उडता उडता खाली पडत होते. लोकांनी बघितलं, पण त्याचा अर्थ लावणारं कुणी नव्हतं. मे १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त आजारी पडली ती मच्छीमारांची घरं, कारण रोजच्या जेवणात मासा त्यांच्याच. १९५९ मध्ये चिडलेले मच्छीमार कारखान्यात घुसले. पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये. मधल्या बारा वर्षांत माशाच्या धंद्याला फटका बसला तो बसलाच, वर पोरं जन्मतः अधू झाली. पाऱ्यावरचा जागतिक करार आज त्या गावाच्या नावानं ओळखला जातो. भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

आपल्या नद्या म्हणजे मिनामाता नव्हे. तसं कुणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. शिकायचं ते एवढंच: गप्प राहून भाव वाचत नाही. आपल्या हातात आपल्या नदीचे आकडे असले तर अफवा आली तेव्हा दाखवायला कागद असतो. आकडे चांगले आले तर तीच आपली जाहिरात. वाईट आले तर कुठल्या जागेचे, कुठल्या माशाचे, ते तरी नेमकं कळेल, आणि सगळ्या गोव्याचा मासा बदनाम होणार नाही.

८. आता करायचं काय

अ) घारीची वही. प्रत्येक वाड्यावर एकानं वही ठेवावी. तारीख, जागा, पक्षी, घरट्यात पिल्लं किती, किती उडाली, मेलेला पक्षी दिसला काय. कारण लिहायचं नाही, नुसतं दिसलं ते लिहायचं. माडावरच्या घारीचं घरटं वर्षानुवर्षं तिथंच असतं. तीन-चार वर्षांची वही झाली की अभ्यासकांना त्याचं मोल सोन्याएवढं.

आ) पक्षी धरू नका, पिसं घरी साठवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. पिसं-रक्त घेणं हे परवानगी घेतलेल्या संशोधकांचं काम. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका. फोटो काढा, वन खात्याला कळवा. एकाच जागी बरेच मेले तर पशुवैद्यकीय खात्यालाही, कारण तिथे बर्ड फ्लूही असू शकतो.

इ) तपासणीची मागणी. सोसायटीच्या ठरावात एकाच जागेच्या तीन गोष्टी एकत्र मागूया: गाळ, मासा-खुबे, आणि बारमाही पक्ष्याचं पीस. नुसतं पाणी तपासून भागत नाही, कारण धातू पाण्यात कमी आणि गाळात जास्त असतो. पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो आणि फाईल बंद होते. जागा: मांडवीवर सारमानस आणि चोडण, शापोऱ्यावर कोलवाळ आणि मोरजीचं तोंड, तेरेखोलवर केरी. वेळ दोनदा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर.

ई) पैसा कुठून? खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनं ते आलं, आणि खाणवाल्यांच्या पैशातून त्याचा निधी जमतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, प्रदूषण ही त्या निधीची अग्रक्रमाची कामं आहेत. डिचोलीतल्या सभासदांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा. नदीच्या खालच्या अंगाला राहणारे मच्छीमारही खाणबाधितच आहेत, हे तिथे ठासून सांगावं. प्रत मच्छीमारी खात्याला आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. आधीच्या तपासण्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागता येतात.

उ) घरातल्या ताटात. मासे खायचे थांबवू नका. तारले, बांगडे, वेळ्यो असे लहान मासे थोडं आयुष्य जगतात, त्यांच्यात पारा कमी साठतो, आणि गुण भरपूर. मोठी मोरी, मोठा कुपा असे शिकारी मासे बरीच वर्षं जगतात, त्यांच्यात जास्त साठतो. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि लहान मुलांनी हे मोठे मासे कमी खावेत, लहान मासे खावेत. खुबे-तिसऱ्या धक्क्याजवळच्या, गटाराच्या तोंडाजवळच्या काढू नका.

सभासदांचे दोन नेहमीचे प्रश्न

"आमच्या माडावरची घार यंदा बसलीच नाही. धातूमुळे काय?"
एका वर्षावरून सांगता येत नाही. माड तोडला, वारं जास्त झालं, दिवे-गाणी वाढली, मासा कमी मिळाला, ह्या सगळ्यानं ताण येतो. धातूचा संशय तेव्हा घ्यायचा जेव्हा एकाच नदीवर बऱ्याच जागी, सलग वर्षं, पिल्लं कमी व्हायला लागतात. म्हणून तर वही.

"पक्ष्याच्या अंगात सापडलं म्हणजे आमच्याही अंगात आहे काय?"
तसं सरळ गणित नाही. हे पक्षी बहुतेक पाण्यातलंच खातात, आपण भातही खातो. पण वाट तीच आहे, गाळ ते मासा ते खाणारा. पक्ष्यात वाढलं तर माणसांची तपासणी मागायला ते पुरेसं कारण आहे, आणि सुरुवात रोज मासा खाणाऱ्या घरांपासून, म्हणजे आपल्यापासून, व्हायला हवी.

थोडक्यात

ताणाचं हॉर्मोन हा पक्ष्याच्या अंगातला पंप आहे. शिसं तो चालू ठेवू शकतं, पारा तो बंद पाडू शकतो. दोन्हींत पक्षी लगेच मरत नाही, नुसती पिल्लं कमी होत जातात. ते कमी होणं पाण्यावर रोज असणाऱ्या माणसालाच आधी दिसतं. शास्त्रज्ञाकडे यंत्र आहे, पण रोज पहाटे नदीवर आपण असतो.

येत्या बैठकीत वहीचा विषय घेणार आहोत. आपल्या वाड्यावर घार किंवा समुद्री गरुडाचं घरटं असेल तर जागा पेजवर उघड लिहू नका, लोक त्रास देतात. सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगा. लेख आपल्या वाड्याच्या ग्रुपवर पाठवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. नदी पूर्वी कशी होती, कुठले पक्षी किती होते, हे त्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.